वाचकांचे प्रश्न : भिंतीवर चालणारी पिशवी

पावसाळा सुरू झाला की या सदराकडे भिंतीवरच्या एका विशिष्ट किड्याविषयीची पत्रे येऊ लागतात आणि दिवाळीच्या साफसफाईपर्यंत त्यांचा ओघ थांबत नाही. यंदा ती पत्रे एकत्र करून या अंकात उत्तरे देत आहोत. प्रश्न वाचकांच्याच शब्दांत, थोडे संक्षिप्त करून छापले आहेत आणि वाचकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : आमच्या चाळीतल्या खोलीत मोरीजवळच्या भिंतीवर भोपळ्याच्या बीसारखी दिसणारी, चपटी, करडी वस्तू चिकटलेली असते. केरसुणीने पाडली तर थोडा वेळ निपचित राहते आणि मग चालू लागते. कधी या टोकातून तोंड बाहेर येते, तर कधी त्या टोकातून. हा एक किडा आहे की दोन? (एक वाचिका, गिरगाव)

किडा एकच आहे, आणि तोही पूर्ण वाढ झालेला कीटक नसून एका लहानशा पतंगाची अळी आहे. टिनेइडी या कुळातील हा पतंग असून लोकरीच्या कपड्यांना भोके पाडणारे पतंगही याच कुळातले आहेत. दमट हवेच्या प्रदेशांत घराच्या भिंतींवर पिशवी घेऊन फिरणारी जी अळी दिसते, ती बहुधा फेरिओइका उटेरेला या जातीची म्हणून ओळखली जाते. लॉर्ड वॉल्सिंगहॅम यांनी वेस्ट इंडीजमधील सूक्ष्म पतंगांचा अभ्यास करताना १८९७ साली तिचे वर्णन केले. तिच्या सख्ख्या म्हणाव्यात अशा आणखीही जाती आहेत आणि त्यांच्या पिशव्या इतक्या सारख्या असतात की, केवळ पिशवी पाहून जात छातीठोकपणे सांगता येत नाही. त्यासाठी प्रौढ पतंग सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा लागतो. राहणी मात्र या सर्वांची जवळजवळ सारखीच असते.

पूर्ण वाढलेली पिशवी ८ ते १४ मिलिमीटर लांब, मध्यभागी ३ ते ५ मिलिमीटर रुंद आणि दोन्ही टोकांकडे निमुळती होत गेलेली असते. दोन्ही टोके उघडी असतात आणि दोन्हींची घडण एकच असते. आतली अळी जेमतेम ७ मिलिमीटरची, म्हणजे पिशवीपेक्षा बरीच आखूड असल्यामुळे मधल्या रुंद भागात ती अंग दुमडून वळू शकते आणि हव्या त्या टोकातून डोके बाहेर काढू शकते. आपल्याला दोन किड्यांचा भास झाला तो यामुळे. अळीचे डोके गडद तपकिरी असते, त्यामागच्या तीन खंडांवर कठीण, काळपट ढाली असतात आणि बाकीचे अंग पांढरे व मऊ असते. चालताना ती डोके आणि ढालींचा हा पुढचा भाग तेवढा बाहेर काढते आणि सहा पायांनी भिंत धरून पुढे सरकते. पोटाखालच्या मांसल पायांना बारीक आकडे असतात. त्यांनी तिने पिशवीचे अस्तर आतून घट्ट पकडलेले असते, म्हणूनच ती पुढे सरकली की पिशवीही मागोमाग ओढली जाते.

केरसुणीचा धक्का लागल्यावर ती काही वेळ निपचित राहते, हे आपण अचूक टिपले आहे. धोक्याची चाहूल लागताच अळी आत सरकते आणि तोंडाशी असलेली पिशवीची खालची कड वर खेचून दार लावून घेते. मुंगी किंवा कोळ्याला मग आत शिरायला वाट उरत नाही.

प्रश्न : मला महाविद्यालयाच्या प्रकल्पासाठी या अळीचे जीवनचक्र लिहायचे आहे. ती पिशवी शिवते कशी, आणि वाढ होताना गोगलगायीप्रमाणे पिशवीही तिच्याबरोबर वाढते का? (एक विद्यार्थी, मुलुंड)

गोगलगायीचा शंख तिच्या अंगातूनच घडतो. या अळीची पिशवी अंगाचा भाग नसून तिने स्वतः बांधलेली वस्तू आहे, त्यामुळे ती मोठी करायची तर प्रत्येक वेळी नव्याने काम करावे लागते. प्रकल्पासाठी आपण हा विषय निवडलात ते योग्यच झाले, कारण त्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. घरातला एखादा कोपरा पुरेसा आहे.

मादी भिंत आणि जमीन यांच्या सांध्यात, भेगांमध्ये, कचऱ्याच्या कणांना चिकटवून अंडी घालते. अंडी मऊ, फिकट निळसर आणि साधारण ०.४ मिलिमीटर व्यासाची असतात. आठवडाभरात एक मादी २०० पर्यंत अंडी घालते आणि त्यानंतर मरते. अंड्यातून अळी बाहेर पडायला दहा दिवसांहून थोडा अधिक काळ लागतो.

नवजात अळीचे पहिले काम खाण्याचे नसते, घर बांधण्याचे असते. तोंडाखालून निघणाऱ्या रेशमाच्या धाग्याने ती प्रथम एक इवलीशी कमान विणते. या कमानीची दोन्ही टोके जमिनीला चिकटलेली असतात. वाळूचे, मातीचे आणि गंजाचे सूक्ष्म कण, कीटकांची विष्ठा, त्यांच्या शरीराचे तुकडे, केस, धागे असे जे जवळ सापडेल ते उचलून ती कमानीच्या बाहेरच्या बाजूला बसवत जाते. आतल्या बाजूला मात्र निव्वळ रेशमाचे अस्तर असते. कमान दोन्हीकडे वाढवत नेली की तिचा बोगदा होतो आणि अळी त्याच्या आतच राहते. शेवटी ती बोगद्याचा तळही विणून बंद करते. आता ही नळी जमिनीपासून सुटी झालेली असते, दोन्ही टोकांना उघडी असते आणि अळी तिला घेऊन चालू लागते. तिथून पुढे प्रत्येक वेळी कात टाकली की ती पिशवी मोठी करते. सुरुवातीची नळी हळूहळू चपटी आणि मध्यभागी रुंद होते व तिला आपल्या परिचयाचा आकार येतो. अळीच्या अशा सहा ते सात अवस्था होतात आणि त्यांना मिळून सुमारे ५० दिवस लागतात.

कोशात जाण्याची वेळ आली की अळी एखाद्या उभ्या पृष्ठभागावर चढते, पिशवीची दोन्ही टोके रेशमाने भिंतीला पक्की चिकटवते आणि एका टोकाच्या दोन्ही कडांना छोटी चीर देते. चीर दिल्यामुळे ते टोक अधिक चपटे होऊन त्याची जणू झडप तयार होते: बाहेरून ढकलली तर उघडत नाही, आतून ढकलली की उघडते. ही तयारी पतंगासाठी असते, कारण पतंगाला कुरतडण्याजोगे जबडे नसतात. दार आधी करून ठेवले नाही तर त्याला बाहेरच पडता येणार नाही. अळी या दाराकडे डोके करून कोशात जाते. ११ ते २३ दिवसांनी, सरासरी १६ दिवसांनी, कोश दारातून अर्धा बाहेर सरकतो आणि पतंग निघतो. छताजवळ चिकटलेल्या, महिनोन्महिने न हललेल्या एखाद्या पिशवीच्या टोकाला भिंगातून पाहिल्यास पातळ तपकिरी सालपट बाहेर डोकावताना दिसेल. ती त्या कोशाचीच रिकामी टरफल असते.

पतंग करडा असतो. मादीच्या पंखांचा विस्तार १० ते १३ मिलिमीटर असून पुढच्या पंखांवर चारपर्यंत गडद ठिपके असतात. नर ७ ते ९ मिलिमीटरचा, सडपातळ, आणि त्याचे ठिपके फारसे स्पष्ट नसतात. दोघांच्याही मागच्या पंखांच्या कडेला लांब केसांसारख्या खवल्यांची झालर असते. हे पतंग फारसे उडत नाहीत. भिंतीवर, जमिनीच्या कडेला किंवा घरातल्या कोळ्यांच्या जाळ्यावरच पंख मिटून बसून राहतात, त्यामुळे ज्या घरात डझनभर पिशव्या आहेत त्या घरातल्या माणसांनीही पतंग पाहिलेला नसतो.

अंड्यापासून पतंगापर्यंतचा हा हिशेब सुमारे अडीच महिन्यांचा होतो. मात्र हे आकडे फ्लॉरिडा आणि पनामा या उष्ण, दमट प्रदेशांत झालेल्या निरीक्षणांतून आलेले आहेत, आणि प्रकल्पात तसे नमूद करावे. मुंबईतल्या घरातील नोंदी आपण स्वतः घेतल्यात तर प्रकल्पाला खरे मोल येईल. एक लहान प्रयोगही करता येईल. अठराव्या शतकात फ्रेंच निसर्गअभ्यासक रेओम्यूर यांनी लोकरीच्या कपड्यांवरील पिशवीवाल्या अळ्यांना एका रंगाच्या कापडावरून दुसऱ्या रंगाच्या कापडावर सोडले. नव्या रंगाचे पट्टे पिशवीत नेमके कुठे उमटतात यावरून त्यांनी दाखवून दिले की, अळी लांबी वाढवताना टोकांना भर घालते आणि रुंदी वाढवताना पिशवी उभी चिरून मध्ये पट्टी बसवते. आपण काचेच्या बरणीत अळी ठेवून खायला जळमटे आणि बांधायला वेगवेगळ्या आठवड्यांत वेगवेगळ्या रंगांची बारीक रांगोळी ठेवून पाहावी. बरणीत ओलसर कापसाचा बोळाही ठेवावा, कारण कोरड्या हवेत ही अळी तग धरत नाही.

प्रश्न : सासूबाईंची जुनी काश्मिरी शाल काढली तर तिला भोके पडलेली. कपाटाच्या मागे भिंतीवर या पिशव्याही सापडल्या. दोषी हीच का? शेजारी ठेवलेल्या शालूला आणि सुती नऊवारींनाही धोका आहे का? (एक वाचिका, दादर)

ती दोषी असू शकते, पण संशयितांत पहिला क्रमांक तिचा नाही. या अळीचे आवडते खाद्य म्हणजे कोळ्यांची जुनी जाळी, अर्थात जळमटे. १९३३ साली फ्लॉरिडात तिच्या आहाराविषयी जे प्रयोग झाले त्यांत हेच दिसून आले होते. याखेरीज ती गळलेले केस, कोंडा, मेलेले डास आणि आपल्याच जातभाईंच्या टाकून दिलेल्या पिशव्या खाते. लोकर दिली तर तीही खाते. कापूस मात्र खात नाही. जळमटे, केस आणि लोकर हे सारे प्रथिनांचे धागे आहेत, तर कापूस हा वनस्पतीचा सेल्युलोज आहे. या कुळातल्या अळ्यांची पचनसंस्था प्रथिनांच्या चिवट धाग्यांवर पोसण्यासाठी घडलेली असून, केसांतील आणि लोकरीतील केराटिन बहुतेक प्राण्यांना पचत नसताना या अळ्यांना ते पचते.

शालीचे खरे शत्रू या अळीचे दोन भाऊबंद आहेत. एक टिनिया पेलिओनेला, ज्याला लिनियस यांनी १७५८ साली नाव दिले. त्याची अळीही पिशवीत राहते, पण ती पिशवी चपटी नसते, गोल नळीसारखी असते आणि शालीच्याच धाग्यांची बनलेली असल्यामुळे शालीच्या रंगाची दिसते. दुसरा टिनिओला बिसेलिएला, ज्याची अळी पिशवी वाहत नाही, तर कापडावरच रेशमाचे पापुद्रे विणून त्यांच्याखाली खात बसते. शालीच्या घड्यांत रंगीत नळ्या किंवा पापुद्रे सापडतात का, ते आधी पाहावे. सुती नऊवारीला भोके पडली असतील तर ते काम यांपैकी कोणाचेही नाही. खळ केलेल्या सुती वस्त्रांना लागते ती कसर, म्हणजे चंदेरी अंगाचा, बिनपंखांचा, झरझर पळणारा किडा, आणि झुरळेही अशा कापडाला सोडत नाहीत. शालूचे रेशीम हेही प्रथिनच असल्यामुळे त्याला थोडा धोका आहे, विशेषतः घाम किंवा अन्नाचे डाग न धुता तो ठेवून दिला असेल तर.

शाल उन्हात पसरून, ब्रशने दोन्ही बाजूंनी झटकून, मग घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरच्या डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंश सेल्सिअसला दोन आठवडे ठेवावी. अंड्यांसकट सर्व अवस्था मरतात आणि शालीला वासही लागत नाही. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये. शाल खोलीच्या तापमानाला आल्यावर उघडावी, नाहीतर बाष्प शालीवरच धरते. डांबरगोळ्यांचा उपयोग पेटी हवाबंद असेल तरच होतो. दार सतत उघडझाप होणाऱ्या कपाटात त्या ठेवून आपण वास तेवढा विकत घेतो. तान्ह्या बाळाचे कपडे तर डांबरगोळ्यांत मुळीच ठेवू नयेत, कारण काही बाळांमध्ये जी६पीडी नावाच्या विकराची जन्मजात कमतरता असते आणि अशा बाळाच्या रक्तातील तांबड्या पेशी नॅप्थलीनमुळे फुटू लागतात.

प्रश्न : आमचे बाळ रांगते आहे आणि या अळ्या जमिनीवरही दिसतात. त्या चावतात का? (एक वाचक, अंधेरी)

चावत नाहीत, डंख मारत नाहीत आणि कोणताही रोग पसरवत नाहीत. बाळ हाती लागेल ते तोंडात घालते, म्हणून त्या उचलून टाकाव्यात एवढेच.

प्रश्न : दोनदा पेस्ट कंट्रोल करून घेतले. झुरळे गेली, पण या पिशव्या महिन्याभरात परत आल्या. आता काय करावे? (एक वाचक, बोरिवली)

पुन्हा फवारणी करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. झुरळांसाठी लावले जाणारे जेल ही अळी खात नाही आणि फवारलेले औषध तिच्या मऊ अंगापर्यंत सहजी पोहोचत नाही, कारण मध्ये रेशीम आणि वाळू यांची भिंत असते. शिवाय फवारणीनंतर मेलेले कीटक कोपऱ्याकोपऱ्यांत तसेच राहिले तर तिच्या ताटात भरच पडते.

तिला दोन गोष्टी लागतात, दमट हवा आणि जळमटे. पहिलीविषयी मुंबईकराला फारसे काही करता येत नाही. पावसाळ्यात इथल्या हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते आणि समुद्रकाठच्या शहरात हिवाळाही पुरता कोरडा नसतो. तरीही भिंतीत मुरणारे पाणी थांबवणे, न्हाणीघराची खिडकी उघडी ठेवणे, कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढणे एवढे जमण्यासारखे आहे. दुसरी गोष्ट मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे. जिथे पिशव्या दिसतात तिथेच त्यांचे अन्न असते असे मात्र नाही, कारण कोशासाठी अळी भिंत चढून वर आलेली असते. अन्न शोधायचे ते खाली आणि आडोशाला. पलंगाचा खालचा भाग, कपाटाची मागची बाजू, माळ्यावरच्या बॅगा, शिलाई मशीनचा पाय, पडद्याच्या दांडीचे टोक, वॉशिंग मशीनमागची जागा, दाराच्या चौकटीचा वरचा भाग, जिथे जिथे केसांचे पुंजके आणि जळमटे साचतात तिथे निदान पंधरवड्यातून एकदा व्हॅक्यूम क्लीनर किंवा लांब दांड्याचा झाडू फिरवावा. भिंतीवरच्या पिशव्या हाताने काढून साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. केरात नुसत्या टाकल्या तर त्या केराच्या डब्यातून चालत बाहेर येतात. न हलणाऱ्या पिशव्याही काढाव्यात, कारण त्यांत कोश असू शकतो, आणि रिकामी पिशवी हेही दुसऱ्या अळीचे खाद्य आहे.

ही सफाई एकदा करून थांबू नये. अंड्यापासून पतंगापर्यंतचा काळ अडीच महिन्यांचा आहे, तेव्हा निदान तेवढे दिवस हा क्रम चालू ठेवला तरच पुढची पिढी तुटते. इमारतीच्या डक्टमध्ये किंवा एसीच्या बाहेरच्या यंत्रावर कबुतरांचे जुने घरटे असेल तर तेही काढून घ्यावे. पिसे हेही केराटिनच असल्यामुळे पक्ष्यांची घरटी ही या कुळातल्या पतंगांची जुनी वसतिस्थाने आहेत, आणि आपल्या घरातल्या कोपऱ्यांत ते राहायला आले ते बहुधा तिथूनच.

प्रश्न : मुलाने कुतूहलाने काही पिशव्या बाटलीत ठेवल्या होत्या. एकीतून पतंगाऐवजी काळसर, माशीसारखा बारीक कीटक निघाला. हे कसे? (एक वाचिका, विक्रोळी)

तो माशी नसून एक परजीवी गांधीलमाशी असावी. माणसाला ती काहीही करत नाही. ब्रॅकोनिडी कुळातील अपँटेलिस कार्पेटस ही जात कपडे खाणाऱ्या पतंगांच्या आणि या पिशवीवाल्या अळीच्याही अळीअवस्थेवर जगते. मादी अळीच्या अंगात अंडे घालते, त्यातून निघालेली परजीवी अळी यजमानाला आतून खाते आणि ती कोशात जाण्यापूर्वीच तिचा अंत होतो. दार लावून बसणाऱ्या अळीला मुंग्यांपासून मिळणारे संरक्षण या शत्रूपुढे पुरे पडत नाही. मुलाच्या बाटलीतला कीटक हीच जात होती की तिची एखादी नातलग, हे नमुना पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. तो अजून असेल तर मद्यार्कात बुडवून ठेवावा. फवारणी टाळण्याचे आणखी एक कारण यात आहे: हे परजीवी कीटक उघड्यावर वावरतात, आणि औषधाने अळीच्या आधी तेच मरतात.

प्रश्न : आरे वसाहतीत बाभळीच्या फांद्यांना काड्यांच्या लहान मोळ्या लटकलेल्या दिसल्या. आतली अळी हीच का? (एक वाचक, गोरेगाव)

नाही. ते सायकिडी या वेगळ्या कुळातले पतंग आहेत. बाभळीवर आढळणारी युमेटा क्रॅमेरी ही त्यांतली आपल्याकडची परिचित जात असून, तिची अळी काटे आणि काड्यांचे तुकडे रेशमी पिशवीवर उभे बसवते. ही अळी झाडाची पाने खाते, जळमटे नव्हे. सर्वांत मोठा फरक माद्यांमध्ये आहे. घरातल्या पतंगाच्या मादीला पंख असतात आणि ती पिशवी सोडून बाहेर पडते. या कुळातल्या बहुतेक जातींच्या माद्यांना पंखच नसतात, त्या आयुष्यभर पिशवीतच राहतात, नर तिथे येऊन मीलन करतो आणि अंडीही पिशवीच्या आतच घातली जातात. अंड्यांतून निघालेल्या अळ्या रेशमाच्या तंतूला लटकून वाऱ्याबरोबर शेजारच्या फांद्यांवर जातात आणि लगेच स्वतःच्या पिशव्या बांधू लागतात. पोषणासाठी त्यांना ताजी पाने लागत असल्यामुळे एखादी मोळी घरी आणलीत तरी ती भिंतीवर वस्ती करणार नाही.